सतरंजी राहू दे

बाबांच्या हाती सतरंजी आली की ते वेगळेच माणूस व्हायचे. एरवी शाळेत शिपाई. घंटा द्यायची, पाण्याची टाकी भरायची, साहेब आले की उभं राहायचं. पण पंधरा ऑगस्टला शाळेत किंवा पौर्णिमेच्या वंदनेला आमच्या वस्तीतल्या विहारात सतरंजी घालायची वेळ आली की ते मुख्याध्यापकांनासुद्धा "जरा तिकडं सरका" म्हणायचे. सतरंजीवर एक सुरकुती चालायची नाही. कार्यक्रम संपला की ती झटकायची, कडेला कडा जुळवून गुंडाळायची आणि स्वतःच्या हातानं माळ्यावर ठेवायची. दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही. लहानपणी एकदा मी दुसरं टोक धरायला गेले तर म्हणाले, "सोड बाई, तुले नाई जमत. वाकडी होते."

या वेडाचं कारण आईनं मला खूप पुढे सांगितलं. माझे आजोबा गावाच्या बैठकीला जायचे ते बाहेरच्या धुळीत बसायला. आत सतरंजी असायची, आणि आमचे लोक पायरीच्या खाली, उन्हात. त्यांना बोलावलेलं असायचं ते ऐकण्यासाठी. छप्पन सालानंतर आमची वस्ती बौद्ध झाली आणि वस्तीनं वर्गणी काढून विहारासाठी जी पहिली वस्तू आणली ती सतरंजी होती, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. आजोबा तिच्या मधोमध जाऊन बसले आणि वंदना संपल्यावरही उठायला तयार होईनात. तेव्हा बाबा त्यांच्या मांडीवर होते.

आमच्या चिमूरकडे स्वातंत्र्याच्या भाषणांना तोटा नाही. बेचाळीस साली इथे काय झालं ते प्रत्येक पोराला पाठ असतं. ऑगस्ट आला की शाळा, चौक, सगळीकडे भाषणं. मी ती ऐकतच मोठी झाले, आणि एकदोनदा घसा फोडून स्वतःही केली. बाबा कडेला उभे राहायचे. त्यांचं लक्ष भाषणाकडे कमी आणि कोणी चपला घालून सतरंजीवर येतंय का याकडे जास्त. त्यांच्यापुरता स्वातंत्र्याचा अर्थ अगदी सरळ होता. सतरंजी सगळ्यांना पुरली पाहिजे, कोणी धुळीत बसता कामा नये.

मी तर जन्मापासून सतरंजीवरच बसले. तरीही काहीतरी राहून गेलं होतं. ते काय, हे मला गडचिरोलीच्या जंगलात एका बांबूच्या चटईनं दाखवलं. त्या चटईचे आणि बाबांचे उपकार मी अजून मोजते आहे.

नर्सिंगचं शिक्षण झालं आणि मला धानोऱ्याच्या पलीकडे, एका गोंड गावात आरोग्यसेविका म्हणून नेमणूक मिळाली. रस्त्यापासून गावापर्यंत चालत जावं लागायचं आणि पावसाळ्यात नाला आडवा यायचा. गावात दवाखाना म्हणजे शाळेची एक खोली. राहायची सोय नव्हती, म्हणून गायत्यानं, म्हणजे गावाच्या म्होरक्यानं, मला स्वतःच्या घरातली पडवी दिली. त्या घरानं मला काय दिलं नाही! ताटात पहिली भाकर माझी. नदीतले मासे आले की त्यातला चांगला तुकडा माझा. मला ताप आला तेव्हा गायत्याची बायको माझे पाय दाबत बसली होती.

पण त्या पडवीला दार नव्हतं. म्हणजे बांबूचा एक ताटवा होता, तो कोणीही ढकलावा. पोरं यायची, कोंबड्या यायच्या, पोटदुखीवाले यायचे. मी साडी बदलत असताना एक म्हातारा निवांत आत येऊन बसला आणि "सिस्टर, खोकल्याची गोळी" म्हणाला. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. दार वाजवायचं असतं, हे त्या गावाला माहीतच नव्हतं. माझंही म्हणाल तर मी कधी एकटी राहिले होते? घरात सात माणसं दोन खोल्यांत, मग हॉस्टेल, मग ही पडवी. माझ्या आयुष्यात आतून कडी लागणारी खोली आली नव्हती. माझी मागणी सोन्यानाण्याची नव्हती. मला एक कडी पाहिजे होती.

तोंडाची मी फटकळ. गायत्याला रोज ऐकवायची, "मले खोली द्या, नाही तर बदली मागतो." आमच्याकडे बायाही 'मागतो', 'जातो' म्हणतात, त्यात मी तर धमकी देत होते. गायता हसायचा. शेवटी एक दिवस म्हणाला, "चाल, गावाले विचारू. गावच बांधन."

माघातली सकाळ होती. शाळेसमोर पिंपळाखाली बांबूच्या चटया अंथरल्या आणि झाडून सारं गाव जमलं. बाया एकीकडे, पुरुष एकीकडे, पण सगळे चटईवर, एका पातळीत. बांबू आपल्याच जंगलातला, माती नाल्यातली, मेहनत सगळ्यांची, असं भराभर बोललं गेलं. जागाही ठरली. गावाच्या तोंडाशी एक मोहाचं झाड होतं, उंचवट्यावर. तिथे पाणी तुंबत नाही, रस्ता जवळ, सावली आयती. झाड तोडायचं नाही, फक्त त्याच्याखाली खोली बांधायची. मी मनात पडदेसुद्धा लावून टाकले.

मग गायत्यानं एकेकाला नाव घेऊन विचारायला सुरुवात केली. पटते का? पटते. तुले? पटते. असं करत करत तो मामीपाशी आला.

मामी म्हणजे पन्नाशीची, काटक, तंबाखू खाणारी आणि गावात सगळ्यांत मोठ्यानं हसणारी बाई. सारं गाव तिला मामी म्हणायचं, म्हणून मीही म्हणायची. त्या मोहाचं फूल वेचायचा हक्क तिच्या घराचा होता. तिथे प्रत्येक घराची मोहाची झाडं पिढ्यानपिढ्या ठरलेली असतात, दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. तिला बदल्यात दुसरं झाड देऊ असं आधीच बोललं गेलं होतं, आणि तेही चांगलं भरघोस.

"मले नाई पटत," मामी म्हणाली.

बस्स. एवढंच. मी वाट पाहिली की आता कोणीतरी तिला झापेल, निदान कारण तरी विचारेल. कोणी विचारलं नाही. गायत्यानं मान हलवली, तंबाखू मळली, आणि लोक तेंदूपत्त्याच्या हंगामाचं बोलायला लागले. थोड्या वेळानं सगळे उठून आपापल्या कामाला गेले. बाकीच्या चटया घरोघर गेल्या, एक मात्र पिंपळाखाली तशीच अंथरलेली राहिली.

माझं डोकं फिरलं. मी गायत्याच्या मागे धावले. म्हटलं, "हे काय चाललंय? सारं गाव एकीकडं, एक बाई एकीकडं. हात वर करायले सांगा, मोजा, झालं!"

"हात मोजून काय होते?" तो म्हणाला. "सारे जिंकतीन, ती एकटी हारन. मंग हारलेल्या माणसानं कुठी राहावं? आमाले तर इथीच राहायचं आहे, तिच्यासंगं."

"अन् मी? मी कुठी राहू?"

"माह्या घरी राहून राह्यली ना," तो इतक्या प्रेमानं म्हणाला की मला पुढे भांडताच येईना.

चटईचं मला नंतर कळलं. त्या गावाची रीत होती. बैठकीत एकाला जरी पटलं नाही, तरी मधली चटई गुंडाळायची नाही. ती दिसत राहते, येताजाता माणसं तिच्यावर टेकतात, ज्याचं 'नाही' आहे त्याच्याशी दोन शब्द बोलतात, घरचं, शेतीचं, कशाचंही. त्याच्यावर रागवायचं नाही, त्याचं बोलावणं बंद करायचं नाही. आणि त्याचं समाधान झालं की त्यानंच येऊन आपल्या हातानं चटई गुंडाळायची. चटई गुंडाळली की गावानं समजायचं, ठरलं. मग त्याच दिवशी कामाला लागायचं.

मला ही रीत तेव्हा मुळीच आवडली नाही, हे सांगून टाकते. मी रोज त्या चटईवरून कोंबड्या चालताना पाहायची आणि मामीच्या नावानं दात खायची. ती मात्र मला वाटेत भेटली की पूर्वीसारखीच हाक मारायची, "सिस्टर, जेवली का?" मी पुढे बघत निघून जायची.

अशात बाबा आले. ते पहिल्यांदाच माझ्या गावी येत होते. रस्त्यावर उतरून, पिशवी खांद्यावर टाकून, विचारत विचारत दुपारी पोहोचले. मी शेजारच्या पाड्यावर बाळंतिणीला बघायला गेले होते. परत आले तर बाबा पडवीत बसून गायत्याशी जुन्या मित्रासारखे बोलत होते.

जेवणं झाल्यावर त्यांनी पोतडीतून बातमी काढली. माझं लग्न ठरलं होतं. मुलगा नागपूरला नोकरीला, एकुलता एक, घर स्वतःचं. काकांनी पाहिला, मामांनी पाहिला, आत्यांना आवडला. एकच गोष्ट होती. सून घरी राहायला पाहिजे, म्हणजे नोकरी सोडायची.

"रविवारी पाहुणे येऊन राह्यले. सुटी टाक," बाबा म्हणाले. "सगळ्यायचं ठरलं आहे."

सगळ्यांचं. साऱ्या गावाशी भांडणारी मी, गायत्याला धमक्या देणारी मी, पण आमच्या घरातल्या सतरंजीवर काका-मामा बसले की माझी जीभ टाळूला चिकटायची. मला कोणी कधी मारलं नाही, धाकात ठेवलं नाही. शिकवलं, पाठवलं, कौतुक केलं. अशा माणसांना 'नाही' कसं म्हणायचं, हे मात्र कोणी शिकवलं नव्हतं. मी फक्त "बरं" म्हणाले.

मी भांडी घासायला गेले आणि बाबा पाय मोकळे करायला बाहेर पडले. शाळेसमोर आले. पिंपळाखाली एक चांगली विणीची चटई धुळीत पडलेली, तिच्यावर पाचोळा, कोंबडीची घाण. आयुष्यभर ज्या माणसानं सतरंज्या घातल्या आणि काढल्या, त्याला हे कसं बघवेल? त्यांनी ती झटकली, पुसली, कडेला कडा जुळवून गुंडाळली आणि शाळेच्या ओट्यावर वर, वाशाच्या खोबणीत नीट ठेवून दिली. परत आल्यावर मला म्हणाले, "तुह्या गावात वस्तूची किंमत नाई. चटई उघडी टाकली होती, मी ठेवली आवरून." मी लग्नाच्याच विचारात होते. ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

सकाळी कुदळींच्या आवाजानं जाग आली. गावच्या तरण्या पोरांनी चटई गेलेली पाहिली, मामीला पटलं असं समजून खूश झाले, आणि सिस्टरला लवकर खोली मिळावी म्हणून उजाडायच्या आत मोहाखाली खड्डे खणायला लागले. मी पोहोचले तेव्हा मामी टोपली घेऊन खड्ड्यापाशी उभी होती. ती ओरडत नव्हती. तिचा मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"मी तर नाई गुंडाळली," ती एवढंच म्हणाली. मग पुन्हा, "मी नाई गुंडाळली."

पोरांनी कुदळी टाकल्या. सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. तिच्या आयुष्यात कधी असं झालं नसावं. त्या गावात चटईला दुसरं कोणी हात लावत नाही, हे सांगायचीही कोणाला गरज पडली नव्हती. तेवढ्यात बाबा मागून चहाचा पेला हातात घेऊन आले आणि काय झालं विचारू लागले. मला एकदम कालचं त्यांचं बोलणं आठवलं.

गायत्यानं त्यांना सगळी रीत समजावून सांगितली, सावकाश, पाहुण्याला सांगावी तशी. बाबांच्या हातातला चहा तसाच राहिला. मी त्यांना साहेबांपुढे उभं असलेलं पाहिलं आहे, कोणाच्या मयतीला पाहिलं आहे, पण इतके कासावीस झालेले कधी पाहिले नव्हते. ते मामीसमोर गेले, हात जोडले.

"बाई, माह्यी चूक झाली. मी तुमचं तोंड बंद केलं. आमच्या बापाचं असंच बंद होतं."

मामीला पहिलं वाक्य समजलं असेल, दुसरं नाही. ती हसली, तिचं ते नेहमीचं मोठं हसणं. "पाहुणा आहे. पाहुण्याले काय माईत!" पण बाबा थांबले नाहीत. शाळेकडे गेले, चटई काढली, पिंपळाखाली पुन्हा अंथरली. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून फावडं घेतलं आणि एकेक खड्डा बुजवायला लागले. पोरं मदतीला धावली तर त्यांना हातानंच मागे सारलं.

गावाची रीत मोडली म्हणजे दंड आलाच. गायत्यानं चारचौघांशी गोंडीत बोलून दंड सांगितला, ज्याचं मन दुखावलं त्याच्या घरी जाऊन जेवायचं. बाबांना वाटलं थट्टा चालली आहे. थट्टा नव्हती. दुपारी आम्ही दोघं मामीच्या घरी पानावर बसलो, आणि बाबांनी पहिला घास हातात धरला तो धरलाच. मी हळूच विचारलं, "काय झालं?" म्हणाले, "काही नाई. बापाले कोणी पाणी नव्हतं देत. मले शिक्षा म्हणून जेवाले घालून राह्यले." त्यांचे डोळे भरून आले होते. मी त्यांच्या पानात अजून भात वाढला, दुसरं काय करणार?

मामीचं घर म्हणजे जत्रा. तीन लेक, तीन सुना, पोरांचा तर हिशेब नाही. आम्ही जेवत असताना एक नातू तिच्या पाठीवर, एक मांडीत, एक सून विचारतेय मीठ कुठं आहे, लेक विचारतोय बैल कुठं बांधू. बाबांनी जेवता जेवता तिला विचारलं, "बाई, सांगावं वाटत असन तर सांगा, नाई तर राहू द्या. ती जागा काऊन नाई म्हणून राह्यल्या? झाड तर दुसरं देत होते."

मामीनं पाठीवरच्या नातवाला खाली ओढलं. "हे पाहा भाऊ, असं घर आहे माह्यं. इथी एक घडी कोणी सोडते का मले? मोह पडते तवा अंधारातच जातो मी झाडाखाली. कोणीच नसते. फूल टपटप पडते, मी बसून राह्यतो. वर्षातून तेवढेच दिवस. दुसरं झाड भेटन, पण ते रस्त्यावर आहे, सारे जातेत-येतेत तिथून." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "सिस्टरले तर समजते. तिले बी तेच पायजे."

मला ताटात मान घालावी लागली. इतके दिवस मी जिच्या नावानं बोटं मोडत होते, ती बाई आणि मी एकाच वस्तूसाठी भांडत होतो. तिचं झाड म्हणजेच तिची कडी. मला हसू आलं, आणि नंतर तिच्याविषयी इतकी माया वाटली की उठून तिच्या हातातलं वाढपाचं भांडं मीच घेतलं.

संध्याकाळच्या आत बाबांना रस्त्यापर्यंत सोडायला गेले. मला वाटलं, आता बोलावं. आत्ता. नाल्याजवळ तोंड उघडलंही, पण बाहेर आलं ते "पाय जपून टाका" एवढंच. गाडी आली. चढता चढता बाबा म्हणाले, "रविवारी ये मग."

रविवारी आमच्या समोरच्या खोलीत बाबांनी घरातली मोठी सतरंजी घातली होती, एक सुरकुती नाही. पाहुणे आले. मुलगा भला दिसत होता, हे मी आजही म्हणेन. काका, मामा, आत्या, सगळे खुशीत. मी चहा घेऊन आले. बोलणी होत आलीच होती. काका मांडीवर थाप मारून म्हणाले, "तर मग सगळ्यायले पटलं?" सगळ्यांच्या माना हलल्या. बाबांचीही हलली.

माझ्या हातात ट्रे होता. मी तो खाली ठेवला.

"मले नाई पटत."

मामीचेच शब्द. माझ्याकडे स्वतःचे नव्हते, म्हणून तिचे घेतले. पाहुण्यांनी चहा अर्धा ठेवला, रीतीनं नमस्कार केला आणि निघून गेले. ते गेले आणि मग बांध फुटला. काका म्हणाले, नाक कापलं. मामा म्हणाले, आधी काऊन नाई सांगितलं? आत्या म्हणाली, नोकरीनं डोक्यात हवा गेली. आईला शरमेनं काय करावं सुचेना, तिनं खाली वाकून सतरंजीचं टोक उचललं.

"राहू दे," बाबा म्हणाले.

"काय राहू दे?"

"सतरंजी राहू दे. अजून ठरलं नाई."

आई त्यांच्याकडे पाहतच राहिली. मला लगेच समजलं, घरात दुसऱ्या कोणालाच समजलं नाही. जिथे सतरंजीवर चपलेची धूळ चालत नसे, तिथे ती आता दिवसरात्र अंथरलेली. आई तिच्या भोवतीनं झाडायची आणि पुटपुटायची. शेजारणी विचारायच्या, कार्यक्रम आहे का? मी सुटी वाढवून घेतली. रोज कोणी ना कोणी येऊन तिच्यावर बसायचं आणि मला समजवायचं. बाबांनी कोणाला अडवलं नाही. फक्त काका चिडून म्हणाले, "कारण सांग, कारण!" तेव्हा बाबा शांतपणे म्हणाले, "कारण नाई विचारायचं. तिले सांगावं वाटन तवा सांगन. तू चहा घे."

आणि लोक बोलता बोलता थकले. रागाला रोज यायचा कंटाळा येतो, हे मला तेव्हा कळलं. मग आत्या एक दिवस नुसतीच बसली आणि मला तिकडच्या बायांविषयी विचारू लागली, बाळंतपणं कशी होतात, भीती नाही का वाटत. मी सांगत गेले. नाल्याला पूर असताना खाटेवरून आणलेली बाई, तिच्या पोराला पहिल्यांदा हातात घेतलं ते, गायत्याच्या घरची भाकर. काका दारात उभे राहून ऐकत होते हे मला नंतर दिसलं. मी म्हटलं, "मले लग्नाले 'नाही' नाई म्हणायचं. मले ते काम सोडायचं नाई. माह्यं आहे ते." मला सापडलेलं कारण मलाच पहिल्यांदा ऐकू आलं. कोणी मागितलं नव्हतं म्हणूनच बहुतेक सापडलं.

काका जाताना सतरंजीची दुमडलेली कड पायानं सरळ करून गेले.

पुढचं थोडक्यात सांगते. लग्न मी केलं, उशिरा, आणि माझ्या कामावर ज्याचा राग नव्हता अशा माणसाशी. त्या गावात माझी खोलीही झाली, शाळेच्या मागे. मोह पडून संपला, आणि मग मामीनंच ती जागा सुचवली, तिनंच पिंपळाखाली येऊन चटई गुंडाळली आणि सगळ्यांसमोर माझ्या हातात दिली. खोलीला आतून कडी होती. पहिल्या दिवशी मी ती उगाच लावून बसले, आणि दुसऱ्या दिवशीपासून वाट पाहायची की कोणी खोकल्याची गोळी मागायला का येत नाही.

पण आमच्या घरातल्या सतरंजीचं सांगायचं राहिलं.

कामावर परत जायच्या आदल्या दुपारी मी पिशवी भरत होते. बाबा येऊन सतरंजीवर माझ्यासमोर बसले. मधे किती धूळ साचली होती, त्यांनी ती तळहातानं पुसायचाही प्रयत्न केला नाही.

"मले तो पोरगा अजूनही चांगलाच वाटते," ते म्हणाले.

"माहीत आहे, बाबा."

"माह्या मनात तेच होतं. अजून आहे."

"माहीत आहे."

"पण काम सोड म्हणून आता कोणी म्हणत नाई. मंग तुह्यं समाधान झालं का?"

मी होकाराची मान हलवली. बोलता आलं असतं तर म्हटलं असतं की या खोलीत तुम्ही मला पहिल्यांदा बसवलंत. आजोबांना सतरंजीवर जागा मिळाली, आणि मला तिच्यावर बसून 'नाही' म्हणायला जागा मिळाली, ती तुम्ही दिलीत, तुमच्या मनाविरुद्ध दिलीत. मी उठले आणि सतरंजीच्या कडेला वाकले, कारण ती मलाच गुंडाळायची होती. ती जड होती, रुंद होती, माझ्या हातून तिरकी व्हायला लागली.

बाबा समोरून उठले. मला वाटलं, आता म्हणतील, सोड, तुले नाई जमत.

ते पलीकडच्या टोकाला गेले, खाली वाकले, दोन्ही कोपरे हातात घेतले आणि म्हणाले, "तू गुंडाळ बाई. मी इकडून धरतो."